आमदारांचं बोलावणं आलंय, वकिली सोडू का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ३९ वर्षांच्या आहेत. एका जिल्हा न्यायालयात १४ वर्षं वकिली करतात. दिवाणी दावे आणि कौटुंबिक प्रकरणं जास्त. घरात आधी कुणी वकील नव्हतं, सिनिअरांच्या हाताखाली शिकून त्यांनी स्वतःचं ऑफिस उभं केलं. गेल्या विधानसभा निवडणुकीत त्यांनी एका उमेदवाराचं कायद्याचं सगळं काम पाहिलं: अर्ज, शपथपत्र, छाननीतल्या हरकती, आचारसंहितेच्या नोटिशींची उत्तरं. ते निवडून आले. आता आमदार म्हणतात, "मॅडम, तारखा सोडा, पूर्ण वेळ माझ्याबरोबर या. कायद्याचं आणि राजकारणाचं दोन्ही तुम्हीच बघा. जिल्हा परिषदेला आपला गट महिला राखीव निघाला की तिकीट तुमचंच." दरमहा ठरावीक रक्कम द्यायची त्यांची तयारी आहे. सिनिअर म्हणतात, गेलेली प्रॅक्टिस परत येत नाही. नवरा म्हणतो, अशी संधी पुन्हा येत नाही. त्या विचारतात: "आपले सगळे मोठे नेते वकीलच होते ना? मग मी का घाबरतेय? की हे क्षेत्र माझ्यासारखीचं नाहीच?"

उत्तर:

तुम्ही घाबरलेल्या नाही आहात. वाचल्याशिवाय सही करू नका, असं पक्षकारांना सांगण्यात तुमची १४ वर्षं गेली, आणि आता तुमच्यासमोर जो प्रस्ताव आलाय त्याला कागदच नाही. काम किती, जबाबदारी कुठपर्यंत, पैसे कोण देणार आणि कुठल्या खात्यातून, तिकिटाचा शब्द नेमका कुणाचा, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नाही. अशा व्यवहारात अस्वस्थ वाटणं ही तुमच्या धंद्याने लावलेली चांगली सवय आहे.

"हे क्षेत्र माझ्यासारखीचं नाहीच का" हा प्रश्न मी आधीच बाजूला काढते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर उभं राहून ज्या बाईने विरोधकांच्या हरकती परतवल्या, ती या क्षेत्रात कधीच आलेली आहे. आता ठरवायचंय ते एवढंच, की पुढे तिथे कुठल्या नात्याने राहायचं.

"सगळे मोठे नेते वकीलच होते" हे वाक्य तुम्हाला धीर देतंय, म्हणून त्याचीच जरा उलटतपासणी घेऊ. टिळक १८७९ साली एलएलबी झाले, पण त्यांनी वकिली केली नाही. कायद्याचा वर्ग चालवला, आणि १९०८ च्या खटल्यात स्वतःचा बचाव स्वतः केला. फिरोजशहा मेहतांनी बॅरिस्टरी जोरात चालू ठेवली आणि तिच्याबरोबर मुंबई महापालिकेत वर्षानुवर्षं काम केलं. १८८८ च्या महापालिका कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. यशवंतराव चव्हाणांनी कराडला काही काळ वकिली केली खरी, पण त्यांचं राजकारण त्याच्या कितीतरी आधी, विद्यार्थिदशेतल्या तुरुंगवासापासून सुरू झालं होतं. विलासराव देशमुखांनी पुण्यात कायद्याची पदवी घेतली, आणि सुरुवात केली ती बाभळगावच्या सरपंचपदापासून. या चौघांचे रस्ते एकमेकांशी जुळत नाहीत. आणि त्यातल्या एकाचंही राजकारण कोर्टातल्या यशातून आपोआप उगवलेलं नाही.

उलट बाजूही बघा. बाबासाहेबांइतका कायद्याचा अधिकार कुणाचा होता? तरीही १९५२ साली उत्तर मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते हरले. अरुण जेटली हे सर्वोच्च न्यायालयातलं मोठं नाव. २०१४ मध्ये त्यांच्या पक्षाला देशभर बहुमत मिळालं आणि ते स्वतः अमृतसरमध्ये पडले. सरकारी वकील म्हणून घराघरात माहीत असलेले उज्ज्वल निकम २०२४ ला उत्तर मध्य मुंबईत हरले आणि पुढच्या वर्षी राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेले. तुम्हाला खचवायला मी ही नावं घेत नाही. न्यायाधीश रेकॉर्डवर जे आहे त्यावर निकाल देतात. मतदार मात्र अडीअडचणीला कोण धावून आलं, कोण कुणाच्या बाजूचं आहे, कोण पुढची पाच वर्षं भेटेल, यावरही निकाल देतो. मतदारांच्या या दुसऱ्या कोर्टात तुमचा अनुभव अजून ज्युनिअरचा आहे. तो वाढवता येतो, पण आमदारांच्या ऑफिसात बसून वाढत नाही.

आता आमदारांच्या प्रस्तावाकडे येऊ. त्यांनी एका दमात तीन वेगळी कामं तुमच्यापुढे ठेवली आहेत आणि तुम्ही त्यांचा एकच रस्ता समजताय: आधी वकील, मग सल्लागार, मग उमेदवार. वकील म्हणून तुम्ही पक्षकाराचं हित पाहता, पण कोर्टाशीही बांधील असता. सल्लागार म्हणून तुम्हाला एका माणसाचं राजकीय भवितव्य सांभाळायचं असतं. आणि उमेदवार झालात की तुम्ही गटातल्या मतदारांच्या. रस्ता आधी कुठल्या गावाला, पाण्याची योजना कुठे, बदली कुणाची, यावरून आमदारांचं हित आणि तुमच्या गटाचं हित ज्या दिवशी वेगळं होईल, त्या दिवशी तुम्ही कुणाच्या बाजूने बोलणार? तो दिवस येतोच. तुमच्या मनातला गोंधळ इथला आहे असं मला वाटतं, आणि "वकिली की राजकारण" असा प्रश्न विचारत राहिलात तर तो सुटणार नाही.

एक गोष्ट मला तुमच्या मनावर ठसवायची आहे. वकिलाला स्वातंत्र्य मिळतं ते त्याचे पक्षकार अनेक असतात म्हणून. एखाद्याने खोटा जबाब लिहायला सांगितला तर तुम्ही त्याची फाईल परत देऊ शकता, कारण त्याच दिवशी बोर्डावर तुमची आणखी सात प्रकरणं असतात. पूर्णवेळ राजकीय सल्लागाराला पक्षकार एकच. त्याला "साहेब, हे चूक आहे" म्हणायची किंमत संपूर्ण उत्पन्न, संपूर्ण ओळख आणि पुष्कळदा संपूर्ण मित्रपरिवार एवढी असते. आणि "हे चूक आहे" म्हणता येत नसेल, तर सल्लागाराचं कामच उरत नाही. हो ला हो करणारी माणसं आमदारांकडे आधीच भरपूर असतील.

पी. एन. हक्सर यांचं उदाहरण या बाबतीत विचार करण्याजोगं आहे. अलाहाबादला वकिली केलेला हा माणूस परराष्ट्र सेवेतून १९६७ साली इंदिरा गांधींच्या सचिवालयात आला. १९६९ चं बँकांचं राष्ट्रीयीकरण, १९७१ चं बांगलादेश युद्ध, या काळात पंतप्रधानांचा सगळ्यात विश्वासू सल्लागार तोच. संजय गांधींच्या मोटार प्रकल्पाबद्दल त्यांनी नापसंती दाखवली. १९७३ मध्ये ते त्या पदावरून दूर झाले, आणि आणीबाणीत त्यांच्या नातेवाइकांच्या दिल्लीतल्या दुकानावर छापा पडला. हक्सर यांच्यामागे प्रशासनातला इतका अनुभव होता, बुद्धीचा दबदबा होता, तरी हे झालं. तालुक्याच्या राजकारणात आमदारांच्या मुलाच्या ठेक्याबद्दल तुम्ही एक वाक्य बोललात तर तुमच्या पाठीशी काय असेल, याचं उत्तर आज शोधून ठेवा. १९५१ साली बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचं विचारांचं आणि माणसांचं बळ होतं. तुमचं बळ तुमच्या ऑफिसात आहे, त्या रॅकवरच्या फायलींत.

कायद्याचं तुम्हाला मी काय सांगावं, पण स्वतःच्या बाबतीत वकीलही कलमं विसरतात, म्हणून लिहिते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे वकिली चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. दरमहा ठरलेली रक्कम आणि पूर्ण वेळ, म्हणजे ही नोकरीच. ती घेतलीत तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला कळवून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करावी लागेल. उद्या आमदार मंत्री झाले आणि तुम्हाला विशेष कार्य अधिकारी म्हणून घेतलं, तरीही तेच. चमत्कारिक वाटेल, पण आमदारांना स्वतःला मात्र वकिली करता येते: लोकप्रतिनिधी हे पूर्णवेळ पगारी नोकर ठरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे निवडून आलात तर काळा कोट ठेवता येतो, निवडून आलेल्याच्या नोकरीत गेलात तर उतरवावा लागतो. जिल्हा न्यायाधीश व्हायचा विचार मनात कुठेतरी असेल तर आणखी जपा. अनुच्छेद २३३ मधल्या सात वर्षांच्या वकिलीच्या अटीत मधला खंड नडतो.

दुसरं, जे राजकीय सल्ला देणारे वकील हमखास विसरतात. पक्षकार वकिलाला जे सांगतो त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं, म्हणजे जुन्या १२६ चं संरक्षण आहे, पण ते वकील म्हणून केलेल्या व्यावसायिक कामापुरतं. कुठल्या गावात कुणाला उभं करायचं, विरोधकाचा कुठला कार्यकर्ता फोडायचा, ही चर्चा तुमच्याशी झाली म्हणून ती गोपनीय ठरत नाही. उद्या प्रकरण चौकशीला गेलं तर "मी त्यांची वकील होते" हे उत्तर त्या संदेशांना चालणार नाही. कायद्याच्या कामाचे संदेश वेगळे, फायली वेगळ्या, बिलं वेगळी, ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी.

तिकिटाच्या शब्दाबद्दल स्पष्टच बोलते. तो शब्द देणं आमदारांच्या हातात नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत हे खरं, पण तुमचा गट कुठल्या प्रवर्गाला आणि कुणासाठी राखीव होईल हे आरक्षण सोडतीच्या दिवशी कळतं. त्यानंतर पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, कुणाच्या हातात पडतो हे शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत कसं हलतं, ते तुम्ही गेल्या निवडणुकीत जवळून पाहिलंय. शिवाय महिला राखीव गट निघाला की पक्षातल्या प्रत्येक इच्छुकाच्या घरात एक उमेदवार तयार असते. तिथे "मॅडमनी साहेबांचं काम केलंय" एवढ्यावर तुमचं नाव टिकायचं नाही. आणि टिकलं, तर लोक तुम्हाला साहेबांची बाई म्हणूनच मोजतील, हे मला जास्त खुपतं. तुमच्या पत्रात जो अभ्यास आणि जी तळमळ दिसते, तिला हे नाव शोभत नाही.

उमेदवार व्हायची इच्छा खरी असेल, आणि तुमच्या पत्राच्या शेवटच्या भागावरून ती मला खरी वाटते, तर तिची तयारी आमदारांच्या ऑफिसबाहेर करावी लागेल. तुमच्या कौटुंबिक प्रकरणांतून तुम्हाला जिल्ह्यातल्या बायकांचे जे प्रश्न कळलेत ते इतर इच्छुकांना कळलेले नाहीत. गटातल्या गावांत जाऊन ग्रामसभेत बसा. वारसनोंदी, पोटगी, रखडलेली घरकुलं, पाणंद रस्त्यांची भांडणं यावर महिन्यातून ठरलेल्या दिवशी गावात मोफत सल्ला द्या. मात्र तिथून स्वतःच्या ऑफिसात प्रकरणं खेचायची नाहीत, हा दंडक पाळा. काम मागत फिरणं बार कौन्सिलच्या नियम ३६ ला चालत नाही आणि गावालाही ते लगेच कळतं. हे काम तुमचं स्वतःचं असेल. आमदार राहोत, पक्ष बदलोत, पडोत, ते तुमच्याकडेच राहील. महाराष्ट्रात पक्ष आणि चिन्हं गेल्या काही वर्षांत कशी हलली हे सांगायला नकोच.

आता सल्लागाराचं काम. ते वाईट काम आहे असं मी अजिबात मानत नाही. चांगल्या वकिलाच्या हाती ते फार मोलाचं होतं. तारांकित प्रश्न नेमका कसा विचारला तर सरकारला उत्तर चुकवता येत नाही, लक्षवेधी सूचनेत कुठला शासन निर्णय जोडायचा, विधेयकातल्या कुठल्या पोटकलमामुळे आपल्या भागातल्या कुळांचं नुकसान होईल, हे वाचून सांगणारं माणूस आमदारांजवळ असेल तर त्याचा फायदा अख्ख्या मतदारसंघाला होतो. पुष्कळ आमदारांकडे गर्दी सांभाळणारी माणसं असतात, वाचणारं कुणी नसतं. तुम्ही हे काम घ्यावं असंच मला वाटतं. फक्त नोकर म्हणून घेऊ नका.

म्हणजे कसं? स्वतःचं ऑफिस चालू ठेवा आणि आमदारांना कायदेविषयक आणि विधिमंडळाच्या कामाचा सल्ला द्यायचं लेखी पत्र करा. आठवड्यातले ठरावीक दिवस, अधिवेशन काळात थोडे जास्त. फी बँकेतून, पावतीसह. मुदत वर्षाची, आणि दोन्ही बाजूंना महिन्याच्या नोटिशीने थांबायची मोकळीक. त्या पत्रात तुम्ही काय करणार नाही हेही लिहा. हे लिहिताना हात अडेल, तरी लिहा, कारण पहिला खटका कुठे उडणार ते आजच सांगता येतं: खर्चाच्या हिशोबात आणि शपथपत्रात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ आणि ७८ प्रमाणे उमेदवाराने खर्चाचा खरा हिशोब ठेवायचा असतो आणि निकालानंतर ३० दिवसांत तो दाखल करायचा असतो. कसूर झाली तर कलम १०अ खाली तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. विधानसभेची मर्यादा ४० लाखांची. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. उमेदवारी अर्जाबरोबरच्या नमुना २६ च्या शपथपत्रात माहिती दडवणं हा कलम १२५अ खाली गुन्हा आहे. "मॅडम, एवढं जुळवून द्या" असं कुणीतरी रात्री अकराला म्हणणार, आणि त्या वेळी पत्रातली ओळ दाखवणं हे तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा सोपं जातं. आमदार अशा पत्राला तयार झाले नाहीत, तर त्यांना सल्लागार हवा होता की हक्काचं माणूस, हे तुम्हाला एका भेटीत कळेल.

आणखी एका आमिषाबद्दल. अशा कामाच्या बदल्यात सरकारी वकिलाच्या नेमणुकीचा शब्द दिला जातो. ते पद मिळालं तर मानाचं आहे, पण सरकार बदलल्यावर या नेमणुकांवर काय गदा येते ते जाणून घ्या. १९९० साली उत्तर प्रदेश सरकारने सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एका आदेशाने काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश मनमानी म्हणून रद्द केला, पण त्यासाठी त्या वकिलांना स्वतःच पक्षकार होऊन लढावं लागलं. पक्षाच्या शिक्क्याने मिळालेली नेमणूक त्या शिक्क्याबरोबर जाते.

समजा, हे सगळं वाचूनही तुम्हाला पूर्णवेळच जायचंय. तोही वेडेपणा नाही. ३९ हे वय धाडसाला उशिराचं नाही, आणि जेटलींनीही २००९ मध्ये राज्यसभेतले विरोधी पक्षनेते झाल्यावर वकिली थांबवली होती. मग ते नीट करा. घरखर्च वर्षभर चालेल एवढी रक्कम आधी बाजूला हवी, आमदारांच्या पैशाशिवाय. सनद रीतसर स्थगित करा. ती चालू ठेवून चोरून नोकरी केलीत तर उद्या तुमच्या विरोधात उभं राहणारा पहिला माणूस हाच कागद काढेल. आणि चालू प्रकरणं कोर्टात नुसती पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन सोडू नका. योग्य कारण आणि पुरेशी सूचना दिल्याशिवाय काम सोडता येत नाही, न केलेल्या कामाची फी परत करावी लागते, हे नियम १२ मध्ये आहेच. पण नियमापलीकडेही एक पाहा. पोटगीच्या तारखेसाठी एसटीने येणारी बाई तुमच्यावर विश्वास ठेवून येते. तिला नवीन वकिलांसमोर तुम्ही स्वतः बसवलं पाहिजे, फाईल समजावून दिली पाहिजे.

सिनिअरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. तालुक्याच्या ठिकाणी पक्षाचा शिक्का बसला की दुसऱ्या बाजूची माणसं ऑफिसची पायरी चढत नाहीत, आणि परत आल्यावर ती लगेच येतही नाहीत. तुमच्याकडे आज दोन्ही बाजूंचे लोक येतात ही तुमची कमाई आहे. मात्र प्रॅक्टिस कधीच परत येत नाही, हे मला पटत नाही. राजकारणातून परत आलेले वकील दिल्लीपासून जिल्ह्यापर्यंत दिसतात. यजमानांना मात्र एक विचारा: संधी पुन्हा येत नाही असं ते म्हणतात ते तुमच्या निवडणुकीबद्दल, की आमदारांच्या ओळखीबद्दल? घरात या विषयावर मोकळं बोलणं झालेलं पत्रावरून दिसत नाही. रात्रीअपरात्री फोन, डिसेंबरमध्ये नागपूरचं अधिवेशन, मुलांच्या परीक्षा, कार्यकर्त्यांचा राबता, आणि बाईने राजकारणात पाय ठेवला की तिच्याबद्दल जे बोललं जातं ते ऐकण्याची तयारी, या सगळ्यावर त्यांचं उत्तर तुम्हाला आधी माहीत हवं. "तू जा" म्हणणं सोपं असतं. तुम्ही गेल्यावर घरातलं काय काय ते उचलणार आहेत, ते नावानिशी ठरवून घ्या.

पत्राखालच्या 'ता. क.'मध्ये तुम्ही विचारलंय की ऑफिसच्या पाटीवर "आमदारांच्या कायदेविषयक सल्लागार" असं लिहिलं तर चालेल का. नाही. वकिलाच्या पाटीवर कुठल्याही व्यक्तीशी किंवा संघटनेशी असलेला संबंध दाखवायला नियम ३६ मनाई करतो. नाव आणि ॲडव्होकेट, एवढंच ठेवा.